शिडीजवळची बादली

चुना डोळ्यात गेला तर पाणी लावायचं नाही, तेल घालायचं, असं सफेदी करणाऱ्यांत बापजाद्यांपासून चालत आलेलं. पाणी पडलं की चुना खदखदतो, हे पिंपात रोज बघणाऱ्यांना दुसरं काय वाटणार? म्हणून छताला सफेदीचा पहिला हात मारताना रंगाऱ्याच्या उजव्या डोळ्यात चुना पडला, तेव्हा शिडी धरून उभ्या असलेल्या मेहुण्याने मोठ्या मायेने त्यात तेल ओतलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी डोळ्यावर पाण्याची धार धरली, पापणी उलटून कण वेचले आणि मगच तोंड उघडलं. कालवलेला चुना आणखी काय खदखदणार? तिथल्या तिथे नळाखाली डोळा धरला असता तर निम्म्यावर निभावलं असतं. मेहुण्याने खाली घातलेली मान कित्येक दिवस वर आली नाही.

डोळ्याची लाली ओसरली, पण बुबुळावर दुधी पडदा चढला. एका डोळ्याने शिडीच्या पायरीचा अंदाज येईना. शिडी सुटली तर रंगाऱ्याचं काय उरतं? तो दारात बसून समोरच्या घराच्या भिंतीला नावं ठेवू लागला.

डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. बुबुळावर नवी त्वचा धरणारं बी त्याच्या कडेला असतं, उजव्या डोळ्यातलं ते जळालंय. डाव्याच्या कडेचा इवलासा तुकडा घेऊन तिथे लावायचा. डाव्याला धोका फार थोडा. रंगारी अडून बसला. एक गेलाच आहे, आता धडधाकट डोळ्यालाही सुरी लावून घेऊ?

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर न करताच म्हटलं, "अहो, गल्लीत मागेल त्याला शिडी देता, ब्रश देता, परत आले नाहीत तरी ब्र काढत नाही. आणि स्वतःच्या डोळ्याला तिळभर द्यायचं तर हात आखडतो होय?"

रंगाऱ्याला हसू आलं. हसल्यावर नाही म्हणणं अवघड जातं.

ऑपरेशननंतर कितीतरी आठवडे थेंब आणि काळा चष्मा. मग एकदा तपासणीला गेल्यावर त्याने डावा डोळा तळहाताने झाकला आणि दवाखान्याची भिंत बराच वेळ न्याहाळली. बायको आणि मेहुणा शेजारीच उभे होते.

"दुसरा हात मारलेलाच नाही," तो म्हणाला. "खालचा रंग दिसतोय."

मेहुण्याची मान वर आली ती तेव्हा. आता चुना कालवण्याआधी तो स्वच्छ पाण्याची बादली भरून शिडीजवळ ठेवतो. तिच्यात कुणी ब्रश बुडवला तर दाजींच्या आधी तोच ओरडतो.