पोपटी दाराची सभा

तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि पाठ वळली की नियमबाई. आखूनरेखून वसवलेल्या त्या उपनगरात नऊ घरमालक संघ होते आणि नऊच्या नऊ संघांचा कारभार या एकटीच्या डोक्यावर. कुंपण किती उंच, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर, बागेतली नळी गुंडाळलेली हवी की लोंबती चालेल, सगळं तोंडपाठ. लोंबती चालत नाही, बरं का! पण बाई भारी आनंदी. सकाळी गुणगुणत स्कूटर काढायची आणि जाता जाता तीन नोटिसा चिकटवायची, त्याही इतक्या हसतमुखाने की नोटीस घेणारे वर तिलाच चहा पाजायचे.

तर काय झालं, तिचे वडील तिच्याकडे राहायला आले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, बायको गेल्यावर एकटा पडलेला. लेकीने अगदी हातापाया पडून आणला. "तुझ्या घरी राहून बघतो थोडे दिवस," एवढंच कबूल केलं त्यांनी.

आता गंमत अशी, की तिच्या गल्लीत नव्वद घरं आणि सगळी एका साच्यातून काढलेली. नियम क्रमांक चौदाप्रमाणे सगळ्या दारांना ओल्या वाळूचा रंग. घरांवर आकडे होते, पण तेही बोटभर उंचीचे आणि वाळूच्याच रंगाचे! म्हातारा फिरून परतला की हमखास भलत्याच घरात. एकदा दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या सोफ्यावर ऐसपैस बसून पेपर उघडला आणि आतल्या दिशेने ओरडले, "चहा टाक गं!" त्या बिचारीने टाकलासुद्धा. महिन्याभरात त्यांनी अशी निम्मी गल्ली पालथी घातली. लोक हसून हसून बेजार, पण त्यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एका दुपारी, लेक कामावर गेलेली बघून, त्यांनी ब्रश काढला. संध्याकाळी नियमबाई गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिने करकचून ब्रेक दाबला. तिच्या घराचं दार पोपटी! साधंसुधं नाही, चक्क डोळे दिपवणारं. ती पायरीवर बसून पोट धरधरून हसली. वडील दारात कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि इतके खूश तिने त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तक्रार हजर. तक्रार करणारे अर्थातच फाइलकाका. निवृत्त गृहस्थ, काखेत कायम फाइल आणि फाइलमध्ये सगळ्या गल्लीचे गुन्हे. त्यांनी दाराचे तीन बाजूंनी फोटो जोडले होते.

कायदा म्हणजे कायदा. नियमबाईने स्वतःच्याच घराच्या नावे नोटीस लिहिली, स्वतःच्याच दारावर चिकटवली आणि स्वतःचीच बेल वाजवली. वडिलांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली.

"आठ दिवसांत रंग उतरवायचा म्हणतेस. ठीक आहे. रंग उतरला की मी निघतो."

"बाबा, असं काय करता हो!"

"हट्ट नाही गं करत. काल पहिल्यांदा न चुकता आलो. जे घर सापडतच नाही तिथे माणसाने राहायचं कसं, सांग ना?"

वडिलांना पुन्हा त्यांच्या जुन्या रिकाम्या खोलीत धाडायचं? छे! उपाय एकच होता, सर्वसाधारण सभेत नियम बदलून घेणं. पण सभेला कोरम लागतो. नव्वदपैकी साठ घरांच्या सह्या अर्ध्या तासात पडल्या नाहीत तर सभा रद्द. आणि गेल्या अकरा वर्षांत तेवीसच्या वर माणूस कधी फिरकला नव्हता.

बाईने पदर खोचला. दिसेल ते दार वाजवलं. आणि काय सांगू, ज्या घरात जावं तिथे तेच! "तुझे बाबा ना? अगं, आमच्याकडे येऊन गेलेत. आमचा टीव्हीचा रिमोट त्यांनीच शोधून दिला." डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, "नुसती येत नाही, सोबत माणसं घेऊन येते."

रविवारी पाच वाजता सभा. हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, लोक खिडक्यांत बसले. एकजण डोक्याला शॅम्पू तसाच घेऊन धावत आला. साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना नियमबाईने सह्या मोजल्या. एकोणसाठ. पुन्हा मोजल्या. एकोणसाठच, मेलं! मागच्या रांगेत वडील मान खाली घालून बसले होते.

तेवढ्यात दार उघडलं आणि फाइलकाका आत आले. ठरावाला विरोध करायला आयुष्यात एकही सभा न चुकवलेला माणूस तो! ऐटीत रजिस्टरपाशी गेले, झोकदार सही ठोकली.

"साठ!" नियमबाई किंचाळली. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. काकांना वाटलं आपलंच स्वागत, त्यांनी चहूकडे हात जोडले. मग चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे मी घरीच बसलो असतो तर..."

"तर सभाच झाली नसती, काका!"

काका सही खोडायला झेपावले, तर डॉक्टरीणबाई सरळ रजिस्टरवरच बसल्या. ठराव एकोणसाठ विरुद्ध एक असा मंजूर झाला. ज्याने त्याने आपल्या दाराला हवा तो रंग द्यावा, फक्त अर्ज भरून.

"मग भरा अर्ज! आत्ता, माझ्यासमोर," काका गरजले.

वडील पुढे आले. पाट्या रंगवणाऱ्याचं देखणं अक्षर, एकेक रकाना सावकाश भरत गेले. शेवटचा रकाना होता: मालक, रहिवासी, पाहुणा, लागू नसेल ते खोडा. त्यांनी 'मालक' खोडलं. मग पेन थांबलं. त्यांनी लेकीकडे एकदा पाहिलं आणि 'पाहुणा' खोडलं, एकदा नाही, दोनदा, चांगलं गिरवून.

नियमबाईच्या हातात माइक होता. तिचा हुंदका अख्ख्या हॉलने ऐकला.

"रडतेस काय वेडे," वडील म्हणाले. "चल घरी. मी पुढे चालतो, तू ये मागून."