आपोआप गेलेले आभार

आमच्या मंदिराच्या अन्नछत्राचं फेसबुक पान मी चालवतो. पंगतीच्या फोटोखाली एका बाईनं लिहिलं होतं, "निळ्या शर्टातला माझा भाऊ आहे. घर सोडून गेलाय. त्याला थांबवून ठेवा, मी येते." खाली आमचं उत्तर होतं: जोडलेले हात आणि 'आपल्या श्रद्धेबद्दल आभार'. ते सगळ्यांनाच आपोआप जातं.

मी ते वाचलं, ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा.

"परवापर्यंत यायचा की हो," वाढणारे काका म्हणाले. "कुठं राहतो, कुणी विचारलंच नाही."

विश्वस्त प्रत्येक बैठकीत म्हणतात, माणसं जोडा. मी मूळचा मंदिराची पत्रकं वाटणारा माणूस. पत्रक उलट बोलत नाही. इथं माणसं बोलत होती आणि ऐकायला आम्ही यंत्र बसवलं होतं. देवाच्या नावानं एवढा निर्लज्जपणा! आणि तो माझ्याच हातून.

तिनं फोन माझ्यापुढं धरला. आवाज जराही चढला नव्हता.

"पण दादा, तुम्ही हात जोडले होते ना? मला वाटलं, थांबवलंत त्याला. म्हणून तर पोरीचा शेवटचा पेपर होऊ दिला, मग निघाले."