अबेट

शिरूरच्या कोर्टात दुपारी फारसं काही घडत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तालुक्याचा वार्ताहर होतो. बातमी मिळो न मिळो, आठवड्यातून दोनदा तिथल्या व्हरांड्यात जाऊन बसणं हा कामाचाच भाग होता. मामेभाऊ मला तिथेच भेटला. वडगाव रासाईहून सकाळच्या एसटीने तो आला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता आणि वकील त्याच्यावर चिडले होते.

"दावा अबेट झालाय. वडील गेल्याचं मला वेळेत कळवायचं नाही का?"

"वकीलसाहेब, वरीस सरलं न्हवतं."

"कोर्टाला वरीस नसतं."

दावा माझ्या मामाने लावला होता. मामाचं घराणं मूळचं मेंढपाळ. मेंढरं गेली, भीमेचं पाणी शेताला आलं, ऊस आला. कळप ज्या वाटेने नदीवर उतरायचा, तीच वाट आता उसाच्या ट्रॅक्टरला लागत होती. ती मामाच्या चुलतभावाच्या बांधातून जायची. त्याला सगळे तात्या म्हणायचे. तात्याचं म्हणणं, मेंढरं संपली तिथे वाटही संपली. निकाल लागेपर्यंत वाट नांगरायची नाही, असा कोर्टाचा मनाई हुकूम होता. त्या हुकमावर मामाचा ऊस दरसाल बाहेर पडायचा.

मामा वारला. भावकीची रीत अशी की वर्षश्राद्ध होईपर्यंत कोर्टकचेरीची पायरी चढायची नाही. मामेभावाने ती पाळली. मयताचे वारस कायद्याच्या मुदतीत कोर्टापुढे आणले नाहीत, तर दावा आपोआप संपतो. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. दाव्याबरोबर मनाई हुकूमही गेला. ऊस तोडणीला आला होता.

कोर्टाबाहेर चहा पिताना त्याने विचारलं, "अबेट म्हंजी काय रं? तू पेपरात हाईस."

"कमी होणं."

"किती कमी? काय ऱ्हायलंय का त्यात?"

मला नीट सांगता आलं नाही. त्या आठवड्यात पुण्याच्या कचेरीत गेलो तेव्हा मोठा कोश काढला. वादळ, पूर, ताप, वेदना, गोंगाट, सगळ्यांना इंग्रजीत ते एकच क्रियापद चालतं. आपल्याकडे वारा पडतो, पाणी ओसरतं, ताप उतरतो, राग निवतो. प्रत्येकाचं कमी होणं वेगळं. शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये होतं आणि तिथे अर्थ सौम्य नव्हता. मारून खाली पाडणं. त्याच्यामागे लॅटिन, नुसतं बडवणं. फ्रेंचांचा कत्तलखान्यासाठीचा शब्दही त्याच घरचा. कमी होण्याचा अर्थ नंतर आला. कोर्टाने मात्र पाडण्याचा अर्थ सोडलेला दिसत नव्हता.

हे सगळं मी मामेभावाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"पडला म्हण की सरळ. त्याला एवढं पुस्तक कशाला उघडायचं?"

वकिलांनी मार्ग सांगितला. उशीर माफ करण्याचा अर्ज द्यायचा. कारण म्हणून रीत सांगायची आणि ती खरोखर पाळली हे भावकीतल्या कोणीतरी शपथेवर सांगायचं. भावकीत तात्याखेरीज वडीलधारं कोणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही तात्याकडे गेलो. तो अंगणात शेळीपुढे पाला टाकत होता.

"या पेपरवाले. छापायला आलाय का?"

कशासाठी आलो ते मीच सांगितलं. तात्या हसला.

"माझ्या इरुद्ध माझीच साक्ष? हुशार हायेत की तुमचं वकील."

आतून तात्याची बायको, मामेभावाची काकू, म्हणाली, "खांदा द्यायला तुम्हीच पुढं हुता. आता खरं सांगायला काय हुतंय?"

तात्याने पाला टाकायचं थांबवलं.

"त्याचं वरीस म्या बी पाळलंय. दिवाळीला आमच्यात बी कढई चढली न्हाई. त्ये सांगंन. पर वाट माझी हाय, त्ये बी सांगंन."

तारखेला त्याने दोन्ही सांगितलं, त्याच क्रमाने. तात्याच्या वकिलांनी विरोध न करता हातातली फाईल मिटली. दावा पुन्हा उभा राहिला, मनाई हुकूमही आला, ऊस बाहेर पडला. परतीच्या एसटीत तात्या आणि मामेभाऊ मागच्या बाकावर शेजारी बसले होते.

पुढे वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या. बदलून आलेले न्यायाधीश बदलून गेले. मी व्हरांड्यात बसायचो, ते दोघेही बसायचे. या दाव्याची बातमी मी कधी दिली नाही. देण्यासारखं काही नव्हतं.

मग तात्या वारला. वडगावला गेलो तेव्हा तिरडीच्या पुढच्या खांद्याला मामेभाऊ होता. दहाव्याला त्यानेही डोकं भादरलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो मला कोर्टात दिसला. डोक्यावर टोपी होती. प्रतिवादी वारला तरी नियम तोच. वारसांची नावं मुदतीत लावली नाहीत, तर दावा पडतो. तात्याच्या मुलांची नावं घेऊन तो वकिलांच्या टेबलाशी उभा होता.

"वरीस?" मी विचारलं.

"घरात पाळतोय."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वकिलांनी दाखवलेल्या जागी सही केली आणि बाहेर आल्यावर चहा नको म्हणाला.

त्या दिवाळीला मी त्याच्याकडे गेलो. कढई चढली नव्हती. तात्याच्या घरीही नव्हती. पण तात्याची मुलं अंगणात उभी होती आणि मामेभाऊ समोरून गेला, तेव्हा ती आत निघून गेली. वाट तशीच होती. तिच्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या होत्या.