यानराव आणि बाबांच्या शेजारची खुर्ची

माझ्या धाकट्या बहिणीने ज्याच्याशी लग्न ठरवलं होतं तो पहिल्यांदा घरी आला, तेव्हा दारात माणूस नव्हताच, दारात एक अवकाशयान उभं होतं. त्याच्या खांद्यांनी जिन्यातला सगळा उजेड अडवला. समोरच्यांचं कुत्रं एकदाच भुंकलं आणि मग जन्मभराचं मौन धरून आत निघून गेलं. डोक्यावर शिरस्त्राण, छातीवर लुकलुकणारे दिवे, पाठीवर धुराड्यासारखी दोन नळकांडी. सरळ आत येता येईना म्हणून यान आधी आडवं झालं, मग तिरकं झालं, आणि शेवटी चपलांच्या कपाटाचं एक दार सोबत घेऊन दिवाणखान्यात उतरलं.

"आई, हाच तो," बहीण म्हणाली. "त्या अंतराळातल्या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा होता, तिथून थेट आणलंय. पोशाख अंगाला चिकटवलाय, काढायला अर्धा दिवस जातो. म्हटलं, असाच चल."

"बसता येईल का त्यांना?" आईने विचारलं. आई नेहमी मुद्द्याचं बोलते.

कोपऱ्यात बाबांची तबकडी चालू होती. गाणारी बाई लांबचा वळसा घेऊन समेवर आली, म्हणजे ठेक्याचं पहिलं पाऊल जिथे पडतं नेमकी त्या जागी, आणि शिरस्त्राणाच्या आतून, रिकाम्या पिंपात कोणी तांब्या टाकावा तसा आवाज आला, "वा!"

केसभर आधी नाही, केसभर नंतर नाही.

बाबा खुर्चीतून उठले. आमच्या घरात बाबा कोणासाठीही उठत नसत. वीज मंडळाचे लोक यायचे तेव्हासुद्धा नाही. सोफ्यावर बसलेले थोरले भावोजी मात्र बसूनच राहिले. त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग पिवळा आणि मग चहाच्या बशीसारखा फिकट हिरवा झाला. "यानराव," ते माझ्या कानात पुटपुटले. टोमणा म्हणून मारलेलं ते नाव आईने ऐकलं, तिला ते गोड वाटलं, आणि तेव्हापासून घरात धाकट्या जावयांना दुसरं नाव उरलं नाही.

थोरल्यांना एवढं झोंबायला कारण होतं. बाबा दरवर्षी संगीतसभेच्या मोसमाचे दोन पास काढत. एक स्वतःचा आणि दुसरा शेजारच्या खुर्चीचा. मुलगा म्हणून ती खुर्ची माझी, पण मला सुरांपेक्षा मध्यंतरातला चहा जास्त समजतो. म्हणून ताईच्या लग्नापासून तिथे थोरले बसत आले होते. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासणारा हा माणूस. कोणाचं छप्पर खरंच उडालं आणि कोणी उडवलं, हे ओळखण्यात हयात गेलेली. पण त्या खुर्चीत बसले की ते मऊ होत. बाबांच्या कानाशी झुकून हळूच सांगत, "आता खाली उतरणार... आता फिरणार... आली बघा सम." बाबा डोळे मिटून मान डोलावत. सासरा आणि जावई यांच्यात मी पाहिलेलं हे एकमेव प्रेमप्रकरण.

आणि त्यात हा यानराव टपकला!

यानराव कवळ्या बनवायचा. दंतवैद्य मापं पाठवायचे आणि हा मेण, प्लॅस्टर आणि गुलाबी हिरड्यांचा मसाला घेऊन दिवसभर लोकांचं हसू घडवत बसायचा. सोबत एका कानात शास्त्रीय गाणं चालू. उरलेल्या मसाल्यातून मालिकेतले योद्धे आणि राक्षस तयार व्हायचे. त्याच्या घरी कपाटभर पुतळे होते, आणि त्यातल्या प्रत्येक राक्षसाला चार माणसांत मिरवावी अशी बत्तिशी होती. गाण्यावर बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि लोखंडी सेनापतीने आपल्या मुलीला ग्रहावर एकटं सोडलं त्या भागावर बोलतानाही यायचं. पाणी एकच, नळ दोन.

लग्न झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर बाबांना नवी कवळी करून दिली. जुन्या कवळीतून बाबांची दाद शिट्टीसारखी निघायची. आता ती गोल, घुमणारी "वा" होऊन निघू लागली.

"सासऱ्याच्या तोंडात शिरलाय," थोरले मला म्हणाले. "अक्षरशः!"

पुढे वाईटच झालं. यानरावाने बाबांना मालिका दाखवायला सुरुवात केली. दर शनिवारी संध्याकाळी बाबा धाकटीकडे जाऊन बसू लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आमचे बाबा जेवताना विचारू लागले, "सेनापती शिरस्त्राण का काढत नाही कधी? काही जखम असणार." आई म्हणायची, "टक्कल असेल." थोरले ताटातल्या पोळीचे बारीक बारीक तुकडे करत बसायचे. खात नसत, नुसते तुकडे.

नवा मोसम जवळ आला. थोरल्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, यंदा पास कधी काढायचे?"

"काढू की," बाबा म्हणाले. "दुसऱ्या खुर्चीचं बघू या. धाकट्यांनाही एकदा नेलं पाहिजे."

थोरल्यांचं त्या रात्रीचं जेवण ताईने तसंच झाकून ठेवलं.

पण दावे तपासणारा माणूस असा हार मानतो थोडाच! ज्या अंगणात यानराव खेळतो त्याच अंगणात जाऊन त्याला चीत करायचं, असं थोरल्यांनी ठरवलं. त्यांनी मालिकेचा अभ्यास आरंभला. झाडून सगळे भाग त्यांनी पाहिले, चाहत्यांच्या चर्चा वाचल्या, कोण कोणाचा बाप आणि कोणत्या यानाला किती दारं हे तोंडपाठ केलं. ताई म्हणाली, "माझा वाढदिवस विसरलात ते चालेल, पण निदान झोपेत लेझर मारू नका." शेवटचा भाग बाबा ज्या शनिवारी बघणार होते, त्या शनिवारी थोरले इस्त्रीचा सदरा घालून धाकटीकडे हजर. बाबांच्या शेजारची जागा त्यांनी आधीच धरली.

पडद्यावर सेनापती मुलीसमोर उभा. संगीत थांबलेलं. बाबांनी सोफ्याचा हात घट्ट पकडलेला. आणि थोरले, इतक्या वर्षांच्या सवयीने, इतक्या वर्षांच्या मायेने, बाबांच्या कानाशी झुकले आणि म्हणाले, "आता हा शिरस्त्राण काढणार... आणि आता मरणार बघा, मुलीच्याच हातून."

धाकटीने किंकाळी फोडली. यानरावाने पडदा बंद केला, पण उशीर झाला होता.

"सांगितलंत?" बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "तुम्ही मला सांगितलंत?"

"पण बाबा, गाण्यात नाही का आपण... सम येणार हे आधीच तर..."

"गाण्यात कोणी मरत नाही!" बाबा गरजले. नवी कवळी पहिल्यांदाच हलली.

"ऐकणारे मरतात कधीकधी," आई म्हणाली.

थोरल्यांचा चेहरा मला बघवेना. ज्या एका गोष्टीवर त्यांचं राज्य उभं होतं तीच त्यांनी आणून ओतली होती, आणि ती इथे विष निघाली होती.

तेवढ्यात यानराव बोलला. "बाबा, दादा बरोबर बोलतायत." थोरल्यांना तो दादा म्हणायचा. "सम माहीत असते म्हणूनच आपण वाट बघतो ना? मग हेही तसंच बघू. पुन्हा पहिल्या भागापासून. हा मरणार आहे हे माहीत असताना."

बाबा आधी नुसते गुरगुरले. मग बसले. पहिल्या भागात सेनापती मुलीला खांद्यावर घेऊन हसतो. ते दृश्य आलं आणि बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि गोल, घुमणारी "वा" दिली. पुढचे सगळे शनिवार ते असेच रडत आणि दाद देत सुटले. भेटेल त्याला सांगू लागले, "मालिका बघायची कशी, हे आमच्या धाकट्या जावयांकडून शिकावं. काय रसिक माणूस आहे!"

थोरल्यांनी मला रस्त्यात गाठलं. "चूक माझी," ते म्हणाले, "आणि श्रेय त्याला! निदान स्वतःच्या चुकीवर तरी माणसाचा हक्क असावा की नाही?"

खरं सांगायचं तर मलाही जळायला होत होतं. बाबांच्या तोंडून "माझा मुलगा काय रसिक" असं मी झोपेतसुद्धा ऐकलेलं नाही.

मोसमाचे पास आले. बाबांनी दुसरा पास यानरावापुढे धरला. यानरावाने हात मागे घेतले. "नाही बाबा, ती दादांची खुर्ची आहे. त्यांनाच द्या." इतकं मनापासून म्हणाला की ताईचे डोळे भरून आले.

थोरल्यांचा मात्र तिळपापड झाला. "मला कोणाची उष्टी खुर्ची नको," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. यानराव त्यांच्या मागे जिना उतरून फाटकापर्यंत गेला आणि एकटाच परत आला.

दुसरा पास बाबांनी आईला दिला. ती मध्यंतरापर्यंत झोपते.