तिसरी घागर

वांगी घेतानासुद्धा मी देठ उचलून बघतो, असं बायको सगळ्यांना सांगते. खोटं नाही. अशा माणसाने आयुष्यातला सगळ्यात अडनिडा व्यवहार केला, तो घराचा.

लातूर जिल्हा झाला, बदल्या होऊन माणसं आली, भाडी वाढली. निलंग्याहून आलेला मी साधा कारकून. परवडेल असं एकच घर सापडलं, तेही बँकेकडे गहाण. मालक आडतीचे व्यापारी. सगळे त्यांना अप्पा म्हणत. लागोपाठच्या दुष्काळात त्यांची आडत बसली होती. घर विकूनही कर्ज पुरतं फिटत नव्हतं. येईल ती रक्कम घेऊन बाकीचं बँक सोडून देईल, असं तिथले साहेब तोंडी म्हणाले होते. अप्पांच्या हाती काही पडणार नव्हतं, फक्त मान मोकळी होणार होती.

माझ्या बाजूला नुसती धाकधूक. बँकेच्या वरच्या कचेरीची मंजुरी कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगेना. तोवर माझा इसार अडकणार. शिवाय घर आहे तसंच घ्यायचं; डागडुजी अप्पांना झेपणारी नव्हती आणि बँक करणार नव्हती. कचेरीतला एक दोस्त म्हणाला, "पैसे देऊन झोपमोड विकत घ्यायलास."

मला खरी धास्ती माळवदाची होती. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर, असं ते छप्पर. दोन वर्षं धड पाऊस नव्हता. गळतं की नाही, कळणार कसं? मी अप्पांना तोंडावर विचारलं.

"पानी टाकून बघू की," ते शांतपणे म्हणाले. "रविवारी या."

रविवारी मी आणि बायको गेलो. टँकर परवा येणार होता आणि त्यांच्या घरात तीनच घागरी भरलेल्या होत्या. कपाळाला भस्म लावलेले अप्पा धोतर खोचून शिडीने वर चढले. त्यांच्या बायकोने, आम्ही मावशी म्हणत असू, एक घागर वर दिली, मग दुसरी. आम्ही खोलीत माना वर करून उभे. पाव तास झाला तरी फळ्या कोरड्या ठाक. माझा जीव भांड्यात पडला.

"झालं अप्पा, उतरा आता."

"थांबा सायेब. तापल्याली माती हाय, पयलं पानी पिऊनच घेती. दोन घागरीत काय बी कळत न्हाई." मग मावशींना म्हणाले, "तिसरी दे."

मावशी क्षणभर घागरीकडे बघत राहिल्या. त्यात प्यायचं पाणी होतं आणि उद्याच्या लिंगपूजेचंही. मग त्यांनी ती उचलून वर दिली.

थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या फळीवर ओला डाग उमटला, पसरला आणि एक थेंब माझ्या पायाशी पडला.

अप्पा खाली आले. डागाखाली उभे राहून म्हणाले, "हितं गळतंय. आता तुमी ठरवा."

व्यवहार मोडला तर घराचा लिलाव होणार आणि उरलेलं कर्ज त्यांच्याच मानेवर बसणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्या घागरीनंतर ते नुसते गप्प बसले असते तरी पुरे होतं. देठ उचलून बघणाऱ्या मला, स्वतःच्याच घराचा देठ उचलून दाखवणारा माणूस तोवर भेटला नव्हता. बायको रिकामी घागर घेऊन आमच्या भाड्याच्या खोलीकडे गेली आणि भरून घेऊन आली. इसार मी त्याच दिवशी दिला.

मंजुरी यायला सात महिने लागले. तो कोपरा मी अजून दर उन्हाळ्यात माती घालून चोपतो आणि पाणी ओतून बघतो. आता घरात टाकी आहे, नळ आहे. दोन घागरी मी सहज ओततो. तिसरी उचलताना मात्र हात थांबतो.