दगडांची बदली

आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला निळा मासा जेमतेम बोटाएवढा, पण नव्या पिवळ्याला तो कोपऱ्यातून हलू देईना. काचेवर टिचक्या मारून मी दमलो. शेवटी बायकोनं हात घालून टाकीतले सगळे दगड इकडचे तिकडे केले. निळ्याला आपली कपार सापडेना. दादागिरी विसरून तोही पिवळ्यासारखाच घर शोधत फिरू लागला.

"कसं सुचलं तुला?"

"नव्या जागी पहिले आठ दिवस कुणाचाच रुबाब चालत नाही," हात पुसत ती म्हणाली.

माझ्या नोकरीत नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक गावात मी साहेब म्हणूनच उतरलो. घर मात्र दरवेळी हिनंच पुन्हा उभं केलं.

आता पाहुणे टाकीचं कौतुक करतात, तेव्हा मी छाती फुगवून सांगतो, "हे सगळं हिनं मांडलंय."

त्यांना वाटतं, मी टाकीबद्दल बोलतोय.