टेम्पो आपोआप चालत नाही

सकाळी साडेआठ. पूर्ण ओहोटी. दिघीच्या अलीकडे मासळी उतरवायचा एक धक्का आहे, त्याच्या सिमेंटच्या उतारावर माझी गाडी उभी. पाठ खाडीकडे, तोंड रस्त्याकडे, हँडब्रेक वर ओढलेला.

मी बातमीदार माणूस. दुसऱ्यांची फजिती आयुष्यभर चार ओळींत बसवत आलो. स्वतःची काही तेवढ्यात बसेना, म्हणून तुम्हाला चहा पाजून ऐकवतोय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत थांबा.

आधी दत्तारामचं सांगतो. दत्ताराम टेम्पोवाला. बोर्ली पंचतनहून बर्फ आणायचा, धक्क्यावरच्या होड्यांना द्यायचा. ओहोटीला होड्या खाली लागतात, म्हणून टेम्पोही उतारावर पार खालपर्यंत न्यावा लागतो. एके दिवशी बर्फ उतरवून झाला, आणि रिकामा टेम्पो मागे सरकत सरळ खाडीत गेला. खाली जाळं सोडवत बसलेल्या म्हाताऱ्याने वेळेवर उडी मारली म्हणून वाचला.

दत्ताराम एकच गोष्ट सांगत राहिला. ब्रेक लावलेला होता.

आता मी फिजिक्सचा बी.एस्सी. ही गोष्ट मी उगाच कुठे सांगत नाही, पण कोणी विचारायची वाटही बघत नाही. मी लेख ठोकला. मथळा दिला, 'टेम्पो आपोआप चालत नाही'. स्थिर वस्तू बाहेरून बळ लागल्याशिवाय हलत नसते! बर्फाने गच्च भरलेला टेम्पो जागचा हलत नाही, आणि ओझं उतरल्यावर पळतो? असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? सबब ब्रेक नव्हता. सबब चालक खोटं बोलतोय.

लेख गाजला हो! इतका गाजला, की आरटीओ कचेरीत परवान्याच्या सुनावणीला तिथल्या साहेबांनी तो दत्तारामच्या तोंडावर वाचून दाखवला आणि विचारलं, "शास्त्र खोटं, का तुम्ही?"

दत्तारामचा परवाना निलंबित. ज्या माणसाला टेम्पो हाकण्यापलीकडे दुसरा धंदा नाही, त्याचा खाडीतून ओढून काढलेला टेम्पो दारात उभा.

मग त्याने मला बोर्लीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर गाठलं.

"तो लेख तुमीच लिवला न्हाय का?"

"मीच."

"ब्रेक लावलेला व्हता."

"मग टेम्पो गेला कसा?"

"ते तुमी सांगा! शिकलेले तुमी का मी?"

"दत्ताराम, विज्ञानापुढे कोणाचं काही चालत नाही."

"मग तुमची गाडी लावा तिथं! बर्फ भरा नि उतरवा. हाय तयारी?"

टपरीतल्या सगळ्यांचे कप खाली आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शहाण्या माणसाने अशा वेळी काय करावं? चहा संपवावा आणि घरी जावं. मी काय केलं?

"लावतो!" मी म्हणालो. "आणि गिअरसुद्धा टाकत नाही. नुसता हँडब्रेक!"

गिअरचं मला कोणी विचारलं होतं?

तर ती सकाळ. परवान्याच्या साहेबांना मी स्वतः आग्रहाने बोलावलं होतं. त्यांचा निकाल किती शास्त्रशुद्ध होता, ते त्यांनीही बघावं ना! आमचा फोटोग्राफर दिगंबर हजर होता.

"काय काढू?" त्याने विचारलं.

"न हलणारी गाडी."

"साहेब, फोटोत सगळ्याच गाड्या न हलणाऱ्या दिसतात."

"मग व्हिडिओ काढ!"

गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या डिकीत भरल्या. गाडीची पाठ खाली बसली, पण गाडी हलली नाही. मी तिच्याभोवती एक चक्कर मारली, सगळ्यांना दिसेल अशी. मग लाद्या उतरवायला सांगितल्या आणि साहेबांकडे वळून गतीचा पहिला नियम समजावू लागलो.

"जोपर्यंत बाहेरून बळ लागत नाही..."

"साहेब," मागून दत्ताराम म्हणाला.

"मध्ये बोलू नका. तोपर्यंत स्थिर वस्तू..."

"साहेब, वस्तू चालली."

वळून बघतो तर गाडी खाडीकडे निघालेली! घाई नाही, गडबड नाही. लग्नघरातल्या रुसलेल्या व्याह्यासारखी, गंभीरपणे. आणि मागची चाकं फिरत नव्हती! ब्रेक अगदी इमानदारीत लागलेला होता. लागलेल्या ब्रेकसकट ती चाकं शेवाळावरून सरकत होती, आणि पुढची मोकळी चाकं खुशाल फिरत मागोमाग जात होती.

यानंतर मी जे केलं, ते दिगंबरने व्हिडिओत पूर्ण घेतलंय. मी धावत गाडीच्या खालच्या बाजूला गेलो आणि दोन्ही हातांनी तिला वर रेटायला लागलो. बी.एस्सी. माणूस! पाय माझेही शेवाळावरच. तिसरा नियम काय सांगतो? जेवढं मी तिला रेटलं, तेवढंच तिने मला रेटलं. गाडीला त्याने काही फरक पडला नाही. आम्ही दोघं बरोबरीने पाण्याकडे निघालो.

दत्तारामने कॉलर धरून मला बाजूला खेचलं.

"गाडी जाऊ दे ना! तुमी कशाला जाता?"

गाडी गेली. आधी डिकी, मग मागची काच. मग नुसते बुडबुडे.

चिखलात बसल्या बसल्या मला सगळं फिजिक्स आठवलं. हँडब्रेक धरतो तो मागची चाकं. ती जमिनीला किती घट्ट धरणार, ते त्यांच्यावर किती भार आहे त्यावर. बर्फ होता तोवर भार होता. बर्फ उतरला, मागची चाकं हलकी झाली, घर्षण कमी झालं. पुढे इंजिनचं वजन तसंच. शेवाळलेल्या उतारावर आणखी काय लागतं? कॉलेजातल्या पहिल्या वर्षाचा धडा आहे हा. आणि ते 'बाहेरचं बळ'? ते पहिल्यापासून हजर होतं. त्याला गुरुत्वाकर्षण म्हणतात. भल्यामोठ्या लेखात मी पृथ्वीच विसरलो होतो!

होडीवाल्यांनी दोर लावून गाडी बाहेर ओढली. चारही दारांतून खाडी वाहत होती. मी तसाच ओल्या कपड्यांनी साहेबांसमोर गेलो.

"साहेब, दत्ताराम खरं बोलत होता. त्याचा परवाना द्या."

"त्याचं प्रकरण वेगळं आहे."

"वेगळं कसं? तोच उतार, तेच शेवाळ, ब्रेक त्याचाही लागलेला!"

"त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झालाय. तुमच्याच लेखात स्पष्ट आहे सगळं."

"तो लेख चुकलाय! ज्याने लिहिला तोच सांगतोय ना!"

"नाही हो," साहेब समजुतीने म्हणाले, "लेख चांगला होता."

"मग हे काय झालं आता?" मी पाणी गळणाऱ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"हा अपघात. इतकं शेवाळ असल्यावर तुम्ही तरी काय करणार?"

शेजारी दत्ताराम उभा होता. तो हसलाही नाही.

मी दुसऱ्याच दिवशी खुलासा छापला, पहिल्या पानावर, लेखाएवढ्याच जाड अक्षरांत. तो घेऊन दत्ताराम कचेरीत गेला. मीही गेलो, भांडलो, दिगंबरचा व्हिडिओ टेबलावर चालवून दाखवला. कचेरीतल्या सगळ्यांनी तो बघितला. मी रेटतोय तो भाग त्यांनी दोनदा लावायला सांगितला.

शेवाळ आजही तिथेच आहे. ते कोणी खरवडायचं, हे अजून ठरलेलं नाही. दत्ताराम दुसऱ्यांच्या टेम्पोतला बर्फ पाठीवरून वाहतो. त्याचा परवाना परत मिळालेला नाही.

आणि माझा? माझा परवाना कोणी मागितलासुद्धा नाही.